हाताच्या ऑपरेशननंतर नसेजवळ ठेवायची नळी: जाण्याआधी, असताना आणि काढताना काय करायचं

मागच्या ऑक्टोबरात सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये माझा उजवा हात गेला. पेंढी अडकली होती, मशीन चालूच होती आणि मी हातानं ओढायला गेलो. तळहात फाटला, मधलं बोट आणि अनामिका दोन्हीचे टेंडन (बोट ओढून वळवणाऱ्या आतल्या दोऱ्या) तुटले. त्याच दिवशी नागपुरात ऑपरेशन झालं. टेंडन जुळले, पण आतल्या आत चिकटून बसले, बोटं वळेनात, म्हणून सहा महिन्यांनी एप्रिलात दुसरं ऑपरेशन, दुसऱ्या दवाखान्यात. दोन्ही वेळा हात तोच, दोन्ही वेळा भूल फक्त हाताला दिलेली, पण ऑपरेशननंतरच्या रात्रींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक.

पहिल्या वेळी एकच इंजेक्शन दिलं. हात लाकडासारखा झाला, ऑपरेशन झालं, मी वॉर्डात येऊन वरणभात जेवलो, घरी फोन करून सांगितलं की काहीच दुखत नाही. रात्री अडीचला जाग आली ती ठणक्यानं. दहा-पंधरा मिनिटांत असा ठणका चढला की डाव्या हातानं पलंगाचा लोखंडी दांडा धरून बसलो. बायको सिस्टरकडे पळाली, सिस्टर डॉक्टरला विचारायला गेली, इंजेक्शन आलं, ते लागू पडायला अजून अर्धा तास. दुसऱ्या वेळी नसेजवळ बारीक नळी ठेवली होती आणि तिच्यातून तीन दिवस थोडं थोडं औषध जात होतं. त्या तिन्ही रात्री मी झोपलो.

आपल्या गावाकडे थ्रेशर, कुट्टी मशीन, बोअरची मोटर, यांत हात जाणारे कमी नाहीत, आणि या नळीबद्दल कोणालाच माहीत नसतं. म्हणून सगळं क्रमानं लिहितो. मी डॉक्टर नाही, शेती करतो. डोस, औषध, नळी द्यायची की नाही हे सगळं भूलीचे डॉक्टरच ठरवतील, पण काय विचारायचं आणि काय बघायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

१. आधी हे आहे काय ते समजून घ्या

आपण रक्ताच्या नसेलाही नस म्हणतो आणि संवेदना नेणाऱ्या नसेलाही नसच म्हणतो, तिथूनच गोंधळ सुरू होतो. इथं दुसरी नस. हाताच्या सगळ्या संवेदनेच्या नसा मानेच्या मणक्यांतून पाच मुळांनी निघतात, एकमेकींत गुंफतात आणि कॉलरच्या हाडाखालून, काखेतून हातात उतरतात. या जुडग्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. बोअरपासून येणाऱ्या मेन केबलसारखं धरा, केबल एका जागी बंद केली की पुढचं सगळं बंद. म्हणून हाताचं ऑपरेशन असलं तरी सुई कॉलरच्या हाडाच्या वर, खाली किंवा काखेत टोचतात. माझ्या आईला हे पटतच नव्हतं, "हात दुकते अन् सुई खांद्यापाशी काहून?" म्हणून ती डॉक्टरला विचारून आली.

अशी नस सुन्न करण्याला ब्लॉक म्हणतात, आणि एकदाच औषध दिलं तर त्याला सिंगल शॉट ब्लॉक म्हणतात. बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनसारखं जास्त वेळ टिकणारं औषध असेल तर असर साधारण ८ ते १८ तास राहतो. म्हणजे दुपारी ऑपरेशन झालं तर तो मध्यरात्री नाहीतर पहाटे उतरणार, जेव्हा वॉर्डात एक सिस्टर आणि तीस पेशंट असतात. आणि उतरला की दुखणं हळूहळू येत नाही, एकदम येतं.

कंटिन्युअस ब्लॉक म्हणजे तीच जागा, पण सुईतून एक बारीक लवचीक नळी (कॅथेटर) नसेशेजारी सोडून देतात आणि सुई काढून घेतात. नळीला पंप जोडतात. एकदाच पाट फोडून पाणी देणं आणि ठिबक लावणं यात जो फरक आहे तोच हा. ही पद्धत काल-परवाची नाही, १९४६ मध्ये अ‍ॅन्सब्रो नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं कॉलरच्या हाडाच्या वर सुई बुचात अडकवून ठेवून असंच पुन्हा पुन्हा औषध दिलं होतं. आता सोनोग्राफीवर नस दिसते, म्हणून काम पुष्कळ नेमकं झालं.

२. भूलतपासणीच्या दिवशी विषय तुम्हीच काढा

ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी भूलीचे डॉक्टर तपासतात. बहुतेक जण तिथं सही करून येतात, मीही पहिल्यांदा तेच केलं (अर्थात तेव्हा अपघाताची घाई होती). दुसऱ्यांदा मी सरळ विचारलं, की सर, मागच्या वेळी भूल रात्री उतरली आणि फार हाल झाले, या वेळी नसेजवळ नळी ठेवता येईल का? डॉक्टर खुर्चीत पुढे सरकून बसले आणि पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. विचारलं नसतं तर कदाचित पुन्हा एकच इंजेक्शन मिळालं असतं.

हे विचारून घ्या: ब्लॉक कुठून देणार? एकदाच की नळी? नळी किती दिवस ठेवणार, २ की ३? वॉर्डात रात्री नळीचं बघायला कोण असेल? पंप दवाखान्याचा की बाहेरून आणायचा? भूल उतरायच्या आधी कोणती गोळी सुरू करणार?

आणि हे न विचारता स्वतःहून सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर (अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन), मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर, कारण मानेजवळ दिलेल्या ब्लॉकनं त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही वेळ सुस्त पडू शकतो, मग डॉक्टर कॉलरच्या हाडाखालची किंवा काखेतली जागा निवडतात. शुगर, फिट, काखेत गळू, आधी सुन्न करायच्या इंजेक्शनची झालेली रिअ‍ॅक्शन, हेही. वजन खरं सांगा, औषधाची कमाल मात्रा वजनावर ठरते.

सगळ्यात महत्त्वाचं, हाताचा कोणता भाग आधीपासून बधिर आहे ते तपासून कागदावर लिहून घ्यायला लावा. माझ्या अनामिकेचं टोक अपघातापासूनच सुन्न होतं. ते आधी लिहिलेलं नसेल तर नंतर जखमेमुळे बधिर आहे की ब्लॉकमुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

नळी प्रत्येकाला मिळेलच असं नाही. पहिल्या वेळी मला का दिली नाही हे मी नंतर विचारलं. हात चेंगरलेला असेल तर पहिले एक-दोन दिवस आत सूज इतकी वाढू शकते की स्नायूंचा रक्तपुरवठा दाबला जातो, याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात, आणि त्याची पहिली खूण असते भयंकर वाढत जाणारं दुखणं. हात सतत सुन्न ठेवला तर ती खूण झाकली जाऊ शकते. म्हणून सर्जन नको म्हणाले तर भांडू नका, त्याऐवजी एवढंच विचारा की भूल उतरायच्या आधी दुखण्याचं औषध किती वाजता देणार.

उलट कधी कधी सर्जनच नळी मागतात. तुटलेलं बोट जोडलं असेल तर या ब्लॉकनं हाताच्या रक्तवाहिन्या सैल राहतात आणि रक्त चांगलं पोचतं. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, बोट तुटून पडलं तर ते ओल्या स्वच्छ कपड्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट सरळ बर्फात टाकू नका, आणि १०८ ला फोन करा.

३. कागद, पैसे आणि सोबत न्यायचं सामान

आधार कार्ड, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते, आधीचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या (नाव सांगण्यापेक्षा पट्टी दाखवलेली बरी). सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स गावातूनच काढून न्या.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या दवाखान्यात लागू आहे तिथं आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी त्यांना भेटा आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारा, ऑपरेशन योजनेत बसतं का आणि दुखण्यासाठीचा पंप व नळी त्यात धरली आहे का. आम्ही पहिलंच विचारलं होतं, पंप बाहेरून आणायची चिठ्ठी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हातात पडली आणि बायकोची धावपळ झाली. योजनेचा फोन नंबर १५५३८८ आहे. शेतात अपघात होऊन हात किंवा पाय कायमचा निकामी झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या ऑफिसात लगेच चौकशी करा, वाट पाहू नका, आणि सातबारा, पोलिसांचे कागद, दवाखान्याचे कागद एका पिशवीत ठेवा.

सामान: समोरून बटणं असलेले दोन ढगळ शर्ट (बनियन डोक्यातून घालता येत नाही, सरळ राहू द्या), दोन जादा उशा, एक वही आणि पेन, मोबाईलचा चार्जर, आणि रात्री जागणारं एक माणूस. ते माणूस सगळ्यात महत्त्वाचं.

४. नळी टाकताना काय होतं

ऑपरेशनच्या आधी ६ तास जेवण बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, तरी तुम्हाला जे सांगितलं असेल तेच पाळा. चहात दूध असतं, चहा म्हणजे पाणी नाही. इथंच पुष्कळांचं ऑपरेशन पुढं ढकललं जातं.

दुसऱ्या हाताला सलाईन लावतात, छातीला तारा, बोटाला चिमटा. मग कॉलरच्या हाडाखाली थंड जेल लावून सोनोग्राफीची मशीन फिरवतात. कातडी सुन्न करायचं बारीक इंजेक्शन चुरचुरतं, त्यानंतर मला फक्त दाब जाणवला. काही ठिकाणी बारीक करंट देऊन नस शोधतात, तेव्हा बोटं आपोआप उडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सुई टोचताना हातात विजेसारखी जोरदार कळ गेली तर हलू नका, तोंडानं लगेच सांगा.

औषध जात असताना आणखी काही गोष्टी लगेच सांगायच्या असतात: तोंडात लोखंडासारखी चव, ओठ-जीभ बधिर होणं, कानात घूं घूं, गरगरणं, अंग थरथरणं. याचा अर्थ औषध रक्तात जास्त गेलं असू शकतं. असं क्वचित होतं, पण वेळ घालवला तर फिट येऊ शकते आणि हृदयावर परिणाम होतो. त्यावर उपाय आहे, २० टक्के लिपिड इमल्शन, दुधासारखं पांढरं सलाईन असतं. "आपल्याकडे लिपिड ठेवलंय का?" असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांना राग आला नाही, कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, तिथं आहे.

हात सुन्न व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. आधी हात गरम वाटतो, मग जड, मग आपण उचलतो म्हणतो पण तो उचलत नाही. मी डाव्या हातानं उजवा हात उचलून पाहिला, कोणा दुसऱ्याचा हात धरल्यासारखं वाटलं, गरम आणि ओळखीचा पण आपला नाही. ओढल्याचं, दाबल्याचं कळू शकतं, दुखल्याचं कळत नाही. दुखलं तर सांगा, त्यासाठी आणखी औषध असतं.

त्या बाजूची पापणी थोडी उतरली, डोळा लाल झाला किंवा आवाज बसला तर घाबरू नका. औषध शेजारच्या नसांपर्यंत पसरलं की असं होतं आणि औषध बंद झाल्यावर जातं. सिस्टरला मात्र सांगून ठेवा.

५. पंप ओळखून घ्या आणि त्याचं गणित मांडा

पंप दोन प्रकारचे पाहिले. एक विजेवरचा, त्यात सिरिंज किंवा बाटली लावतात, अडकलं तर तो ओरडतो. दुसरा फुग्याचा. कडक डब्यात किंवा पिशवीत रबरी फुगा असतो, औषध भरलं की तो ताणतो आणि आकसत आकसत औषध ढकलतो. वीज लागत नाही, आवाज नाही, कमरेला पिशवीत अडकवून संडासला जाता येतं. पण तो ओरडत नाही, म्हणून त्याच्यावर लक्ष तुम्हालाच ठेवावं लागतं. माझा फुगा पहिल्या दिवशी मोठ्या मोसंबीएवढा टणक होता. तो बारीक होताना तासाभरात काहीच दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर फोटो काढत गेलो.

आता गणित. माझ्या पंपातून दर तासाला ५ मिली जात होतं आणि फुग्यात ३०० मिली होतं. म्हणजे ६० तास. मंगळवारी दुपारी १ वाजता सुरू झाला. बायकोनं वहीत मांडलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "हा तं शुक्रवारी रात्री एकलेच संपते जी." म्हणजे गुरुवारची रात्र उलटून १ वाजता. पुन्हा तीच वेळ, पुन्हा तोच ठणका. बुधवारीच डॉक्टरांना ती वही दाखवली. त्यांनी गुरुवारी रात्री फुगा संपत आल्यावर ५० मिलीचा सिरिंज पंप लावायची सोय केली, दर तासाला ५ मिली म्हणजे आणखी १० तास, सकाळ उजाडेपर्यंत. तुमचा वेग वेगळा असेल, फुगा वेगळा असेल, पण हे गणित पहिल्याच दिवशी मांडा आणि पंप रात्री संपत असेल तर आधीच सांगा.

पंपाबद्दल आणखी:

गरमीत औषध पातळ होऊन फुग्याच्या पंपातून वेगानं जातं, थंडीत हळू. एप्रिलात आमच्याकडे पारा ४३-४४ ला असतो. खिडकीतलं ऊन सरळ माझ्या पिशवीवर येत होतं, सिस्टरनं पलंगच सरकवून घेतला. पंप उन्हात ठेवू नका, कूलरच्या तोंडाशीही ठेवू नका.

नळीवरची क्लिप कपडे बदलताना चुकून बंद होते, किंवा नळी पाठीखाली दुमडते. बुधवारी संध्याकाळी मला ठणका सुरू झाला तेव्हा नळी खांद्याखाली मुडपली होती. सरळ केल्यावर पाऊण तासात उतरलं. दुखायला लागलं की आधी क्लिप, मग नळी, मग चिकटपट्टी ओली झाली का हे बघा आणि लगोलग सिस्टरला बोलवा. चिकटपट्टीखाली थोडी ओल पुष्कळांना दिसते, पण पट्टी सुटत असेल तर नळी बाहेर सरकते. स्वतः आत ढकलू नका.

आणि ही सलाईनची नळी नाही. हिच्यातून दुसरं कोणतंही इंजेक्शन जाता कामा नये. आमच्या नळीवर पिवळी चिठ्ठी लावली होती. तुमच्या नळीवर नसेल तर लावायला सांगा, आणि कोणी नवीन माणूस सिरिंज घेऊन आलं तर ही नसेची नळी आहे असं मोठ्यानं सांगा. पेशंट झोपेत असतो, हे सोबतच्या माणसाचं काम आहे.

६. सुन्न हात सांभाळणं

इथं मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. हात दुखत नाही म्हणजे तो बरा झालेला नसतो. त्याला चटका कळत नाही, टोचलेलं कळत नाही, दाब कळत नाही.

पहिल्या ऑपरेशनच्या संध्याकाळी भावानं थर्मासमधून चहा ओतून स्टीलचा ग्लास पलंगावर माझ्याजवळ ठेवला. प्लास्टरमधून बाहेर आलेली करंगळी त्या ग्लासला टेकली होती. मी गप्पा मारत होतो. किती वेळ टेकली होती कोणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी करंगळीच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढा फोड. मला एका क्षणासाठीही भाजल्यासारखं वाटलं नव्हतं. तेव्हापासून चहा, गरम पाण्याची बाटली, उदबत्ती, मोबाईलचा गरम चार्जर, सगळं दुसऱ्या बाजूला. आणि शेक देऊ नका. आपल्याकडे दुखणाऱ्या जागेला मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून लावायची सवय आहे, आई घरून मीठ घेऊनच आली होती, तिला परत ठेवायला लावलं. बर्फही थेट कातडीवर नको.

हात स्लिंगमध्ये (गळ्यात अडकवायची झोळी) किंवा दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. कोपराची आतली बाजू पलंगाच्या कडेवर दाबली जाऊ देऊ नका, तिथून नस जाते, तासन्‌तास दाब पडला तर तिला इजा होते. झोपेत कूस बदलताना हात अंगाखाली येतो, नाहीतर स्वतःच्याच तोंडावर येऊन आदळतो. माझा आदळला, प्लास्टरसकट, ओठ फुटला. उशा दोन्ही बाजूंनी लावा.

दर दोन तासांनी बोटं बघा. नख दाबून सोडलं की पांढरं होतं आणि २ सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला पाहिजे. बोटं निळसर, पांढरीफटक, थंडगार किंवा चकाकण्याइतकी सुजलेली दिसली तर थांबू नका. दिवसा उजेडात एकदा दुसऱ्या हाताशी लावून बघून ठेवा, म्हणजे रात्री फरक कळतो.

गाडी, ट्रॅक्टर, विळा, गॅस, सगळं बंद. बाथरूमला जाताना कोणीतरी सोबत, एक हात जड असला की तोल जातो.

आणि दुखत नसलं तरी पॅरासिटामॉल वेळेवर घ्या. मला वाटायचं, दुखत नाही तर गोळी कशाला. पण नळी एकटी सगळं करत नाही. गोळ्या ठरलेल्या वेळी पोटात गेल्या की नळीला कमी औषध पुरतं, आणि अफूच्या वर्गातली जड इंजेक्शनं, ज्यांनी मळमळ, गुंगी, संडास न होणं हे सगळं होतं, ती कमी लागतात. दुसरी दुखण्याची गोळी किडनी, अल्सर बघून डॉक्टर देतील, मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका.

७. लगेच ओरडायच्या गोष्टी

हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि रात्री जागणाऱ्या माणसाला वाचून दाखवा:

श्वास घ्यायला त्रास, छातीत टोचल्यासारखं.
तोंडात लोखंडाची चव, ओठ बधिर, कानात आवाज, बरळणं, थरथर, फिट. आधी पंपाची क्लिप बंद, मग हाका.
नळी चालू असूनही दुखणं वाढतच जाणं, हात टणक होणं, बोट सरळ करून पाहिलं की जीव जाईल असं दुखणं. पंपाचा वेग वाढवून मागू नका, सर्जनला बोलवा. पट्टी किंवा प्लास्टर घट्ट झालेलं असू शकतं, किंवा वर सांगितलेली आतली सूज.
नळीच्या तोंडाशी लाली, पू, ताप.
नळी पंपापासून सुटली तर परत जोडू नका, टोक स्वच्छ कपड्यात धरून ठेवा.

"रात्रीचं कशाला त्रास द्यायचा सिस्टरले" हे वाक्य आमच्या वॉर्डात मी तीन-चार वेळा ऐकलं. द्या त्रास.

८. फिजिओथेरपी याच दिवसांत

माझ्या ऑपरेशनमध्ये चिकटलेले टेंडन सोडवले होते. ते पुन्हा चिकटू नयेत म्हणून बोटं लगेच हलवावी लागतात, आणि ताज्या टाक्यांवर बोटं वळवणं नळीशिवाय माझ्याच्यानं झालं नसतं. पहिल्या दिवशी फिजिओ मॅडम बोटं वळवत होत्या आणि मी नुसता पाहत होतो, वळताना दिसत होती पण जाणवत नव्हती. ऑपरेशनच्या वेळचं औषध कडक असतं, नंतर पंपातलं पातळ, म्हणून दुसऱ्या दिवशी बोटं माझी मला थोडी हलवता यायला लागली. अपघातानंतर सहा महिन्यांनी पहिल्यांदाच मधल्या बोटाचं टोक तळहाताकडे जाताना पाहिलं आणि बायको रडायला लागली.

फिजिओनं सांगितलं तेवढंच करा. दुखत नाही म्हणून जास्त ताण दिला तर टेंडन तुटू शकतो, आणि तुटल्याचं तेव्हा कळणारही नाही. ज्यांचा टेंडन नुकताच जोडला आहे त्यांनी तर स्वतःहून एकही बोट वळवू नये, जोपर्यंत सांगत नाहीत.

९. बंद करायची वेळ सकाळची ठेवा

हे मी माझ्या पहिल्या रात्रीमुळे सगळ्यांना सांगतो. पंप सकाळी बंद करायला सांगा, राउंडच्या वेळी, म्हणजे भूल उतरेल तेव्हा दिवस असेल आणि डॉक्टर जागेवर असतील. माझा शुक्रवारी सकाळी ९ वाजता बंद केला. त्याच्या तासभर आधी गोळ्या दिल्या. नळी लगेच काढली नाही, औषध बंद करून चार तास तशीच ठेवली, दुखणं आवरलं नाही तर पुन्हा सुरू करता यावं म्हणून. साडेअकराला मुंग्या सुरू झाल्या, मग ठणका आला, पण दहापैकी चारपर्यंतच थांबला.

वहीत वेळ आणि आकडा लिहीत राहा, ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारं. "लय दुकते" म्हटल्यानं डॉक्टरला अंदाज येत नाही, "साडेअकराला २, बाराला ४" म्हटलं की येतो.

१०. नळी काढणं आणि नंतर

चिकटपट्टी काढायलाच जास्त वेळ लागला, नळी दहा सेकंदांत निघाली, दुखलं नाही. काढताना अडकली किंवा हातात करंट गेला तर ओढू देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. निघाल्यावर टोक पूर्ण आहे का ते सिस्टर बघतात, तुम्हीही बघा. कात्री नळीच्या जवळ येऊ देऊ नका.

रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल तर नळी काढायची वेळ त्यावरून ठरते, आठवण करून द्या.

संवेदना एकदम सगळी येत नाही. माझा अंगठा दुपारी आला, करंगळी संध्याकाळी. हात पूर्ण आपल्या ताब्यात आल्याशिवाय स्लिंग काढू नका आणि गाडी चालवू नका. नळी काढून एक दिवस उलटला तरी हात बधिर किंवा लुळा वाटला, किंवा नवीन जागी मुंग्या राहिल्या, तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता फोन करा. बहुतेक वेळा ते काही दिवसांत-आठवड्यांत जातं, पण डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंद व्हायला पाहिजे.

माझ्या अनामिकेचं टोक शनिवारीही सुन्नच होतं. ड्युटीवर नवीन डॉक्टर होते, त्यांनी टाचणी टोचून पाहिली, कपाळाला आठ्या आल्या, ब्लॉकमुळे नसेला काही झालं का म्हणून ते सीनियरला फोन लावणार होते. बायकोनं फाईल उघडून भूलतपासणीचा कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं, उजवी अनामिका, टोक बधिर, ऑक्टोबरपासून. डॉक्टरांनी वाचलं, खाली सही केली आणि सुट्टीचा कागद भरायला घेतला.